पंचाचा विडा

दाजी गेल्याचा निरोप घेऊन बहिणीच्या सासरहून, निर्ण्याहून माणूस आला तेव्हा मी खळ्यावर होतो. ज्वारीची मळणी चालू होती. माणूस बांधावरच उभा राहिला, पाणी देऊ केलं तर नको म्हणाला, आणि त्यावरूनच काय समजायचं ते मी समजलो. बैल सोडायला सांगून घरी आलो. बायकोनं धुतलेलं धोतर काढून ठेवलं होतं, पण मी आधी जाऊन बसलो तो पानाच्या डब्यापाशी. दोन पानं घेतली, पुसली, शिरा काढल्या, चुना लावला, कात घातला, सुपारी कातरायला घेतली... आणि अडकित्त्यात बोट सापडलं. रक्त लागलेली सुपारी टाकली, दुसरी घेतली. विडा बांधून लवंग टोचली, ओल्या फडक्यात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवला. बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. बारा वर्षांत जो विडा मी केला नव्हता तो आज करतो आहे, हे तिला कळत होतं.

दाजींवर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी काही लिहा, असं मला ज्यांनी सुचवलं त्यांना वाटलं असेल की मेव्हणा आहे, चार गोड आठवणी लिहील. गोड बोलणारे पुष्कळ आहेत. तेराव्याच्या जेवणाला जमलेला जो तो सांगत होता की नारायण मास्तर म्हणजे देवमाणूस, असा पंच पुन्हा होणे नाही. ऐकून माझे कान तापले. यांच्यातल्या निम्म्या लोकांनी त्या दिवशी माळावर दाजींना ढेकळं मारली होती. कुणी मारली, कुठल्या हातानं मारली, ते मला आजही दिसतं. नावं लिहिली तर संपादक ती काढून टाकतील, म्हणून लिहीत नाही. पण ज्यांची आहेत त्यांना हे वाचताना कळेल, आणि तेवढं मला पुरे आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. निर्ण्याचं घराणं, शेतीवाडी होती, पण ते स्वतः शाळेत कवायतीचे मास्तर झाले. उंच, वाळकुडे, आणि कान मात्र हे एवढाले. लग्नात आम्ही पोरांनी त्या कानांची इतकी थट्टा केली की अक्का रडायला लागली होती. पण तेच कान पुढं तालुक्यात गाजले. हुतूतूच्या खेळात सगळा न्याय कानावर असतो. चढाई करणारा गडी एका दमात ‘हुतूतू’ म्हणत पलीकडं जातो, गडी मारतो आणि दम न तोडता मधल्या रेघेवर परत येतो. दम तुटला की तोच बाद. हात लागला की नाही ते शंभर लोकांना दिसतं, पण दम तुटला की नाही ते पंचालाच ऐकावं लागतं. दाजी सामन्याच्या आदल्या दिवशी अक्काकडून कानात कोमट तेल घालून घ्यायचे. मैदानावर आले की आधी शेंगा विकणाऱ्यांना हात जोडून गप्प करायचे. मग अनवाणी, कमरेत वाकून, एक हात कानामागं धरून चढाईवाल्याबरोबर रेघेच्या कडेनं असे सरकायचे की बघणाऱ्याला वाटावं, यांचं काही हरवलं आहे आणि ते शोधत आहेत. तोंडात मात्र कायम पान. पानाशिवाय दाजी मी लग्नाआधीही पाहिले नव्हते आणि लग्नानंतरही नाही... त्या सामन्यापर्यंत.

आमच्या भागात पंच नेमायची एक रीत होती. खेळापूर्वी दोन्हीकडचे कप्तान पंचाच्या हातावर एकेक सुपारी ठेवत, म्हणजे हा पंच आम्हाला मान्य. खेळ संपला की हरलेला कप्तान स्वतःच्या हातानं पंचाला विडा देई, म्हणजे निवाडाही मान्य. हरणाऱ्यानं विडा दिला नाही तर तो पंच पुन्हा कुठल्याही सामन्याला उभा राहत नसे. कागदावर हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण बीदरच्या बाजूला काय आणि हुमनाबादच्या बाजूला काय, सगळे मानत. तक्रार करायला वरती कुणी नव्हतं. पंचाला जाब विचारायची ही एकच जागा होती, आणि ती हरलेल्याच्या हातात दिलेली होती. कुणी केली कोण जाणे, पण रीत शहाणी होती. विडा द्यायला कुणी नकार दिल्याचं जुन्या लोकांनाही आठवत नव्हतं. तो मान माझा.

त्या वर्षी आमच्या शाळेचा कप्तान मी होतो. अंतिम सामना दुबलगुंडीच्या माळावर, म्हणजे माझ्याच गावात. जिंकणारा संघ सुभ्याच्या सामन्यांना गुलबर्ग्याला जाणार होता. तिथल्या एका बोर्डिंगचे व्यवस्थापक खेळणारी मुलं ठेवून घेत, पुढचं शिक्षण तिथं होई. मला वकील व्हायचं होतं. आमच्या वडिलांना, अप्पांना, औताला माणूस हवा होता. अप्पा सरळ बोलणारे. जिंकून गेलास तर शिक, हरलास तर उद्यापासून शेतात, असं त्यांनी मला आदल्या संध्याकाळी जेवताना सांगितलं होतं. हे दाजींना माहीत होतं, कारण ते माझ्या शेजारच्या पाटावर जेवत होते.

ठरलेला पंच आजारी पडला म्हणून लोकांनी दाजींचं नाव काढलं. दाजींनी नको म्हटलं. मेव्हण्याच्या सामन्याला मी कसा उभा राहू, म्हणाले. समोरच्या शाळेचा कप्तान चिंताकीकडचा होता. तो म्हणाला, तुमच्या कानावर आमचा भरवसा आहे. शाळेचे सदर मुदर्रिस साहेब, म्हणजे मुख्याध्यापक, खुर्चीतून म्हणाले, “दोनों कप्तान राजी हैं क्या?” आम्ही दोघांनी सुपाऱ्या ठेवल्या. आमची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत हसत होती, की आता घरचाच पंच, आता काय भीती. ते हसणं दाजींनी ऐकलं. त्यांच्या कानांना काय ऐकू यायचं नाही... आणि मला वाटतं, माझं नशीब तिथंच फिरलं.

शेवटच्या डावात आमच्याकडं मी एकटा उरलो होतो आणि समोर दोघं. मी चढाईला गेलो. पहिल्याला पायानं मारला, दुसऱ्याला वळताना पाठीवर हात लावला, आणि परत फिरलो. रेघ ओलांडली, लोकांनी टोप्या उडवल्या, मला कुणीतरी उचललं. तेवढ्यात दाजींनी हात वर केला. दम तुटला, म्हणाले. मी खांद्यावरून उतरलो. कुठं तुटला ते दाखवा म्हणालो. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं मातीत खूण केली आणि म्हणाले, “हितं. रेघंच्या दोन हात अलीकडं.” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दोरीपाशी उभ्या असलेल्यांपैकी एकालाही दम तुटलेला ऐकू आला नव्हता. लोक ओरडायला लागले, ढेकळं आली. दाजी जागचे हलले नाहीत.

मग विड्याचं तबक आलं. मी विडा उचलला आणि त्यांच्याकडं गेलो. त्यांनी ओंजळ पुढं केली. मी तो विडा त्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या तोंडात घातला, नीट चावला, आणि मधल्या रेघेवर थुंकलो. चुन्याच्या पांढऱ्या रेघेवर तो लाल डाग... आजही आठवलं की मला बरं वाटतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. सतरा वर्षांचा होतो, आणि माझा जन्म त्या दोन हातांत गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी औत धरलं.

दाजी पुन्हा पंच म्हणून उभे राहिले नाहीत. आणि त्यांनी पान सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं, रीतही तसं म्हणत नव्हती. पण हरलेल्यानं विडा दिला नाही तर दुसऱ्या कुणाचा विडा तोंडात घालायचा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. वर्षभरात त्यांचे दात इतके पांढरे झाले की मी सगळ्यांसमोर म्हणायचो, दाजी बोहल्यावर चढले तेव्हा असे दात असते तर आम्ही कानांकडं बघितलंच नसतं. लोक हसत. दाजीही हसत, आणि दात दिसत.

सणावाराला आम्ही एकत्र जेवत होतो. तोडायला नातं काही शेताचा बांध नव्हे. दिवाळीत मी निर्ण्याला भाऊबीजेला जायचो, आखाजीला ते आमच्याकडं यायचे. जेवणं झाली की पानाचं तबक फिरायचं. मी माझ्या घरी सगळ्यांना हातानं विडा देत जायचो, आणि दाजींपाशी आलो की तबक पुढं न्यायचो. अगदी सावकाश. थांबल्यासारखं करायचो, त्यांच्याकडं बघायचो, आणि पुढं जायचो. वर्षातून चार-पाच वेळा मिळणारा हा आनंद मी महिनाभर आधीपासून जिभेवर घोळवायचो, हे खरं सांगतो. अक्का भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. एकदा मला कोठारात गाठून म्हणाली, “कामून असं करायलास रे? माणूस वाळायलाय आतून.” मी म्हटलं, दाजींना चुकलो म्हणू दे, लगेच देतो. ती म्हणाली, ते खोटं बोलत न्हाईत. मी म्हटलं, मग वाळू दे.

इकडं माळावर काय झालं ते सांगतो, कारण दाजींना देवमाणूस म्हणणाऱ्यांना तेही ठाऊक आहे. दाजी घरी बसल्यावर जे पंच आले ते यजमान गावात आदल्या दिवसापासून मुक्कामाला राहायचे, पुरणपोळी खायचे, आणि ज्यांच्या घरी खाल्ली त्यांच्या गड्याचा दम कधी तुटायचा नाही. हरणारे कप्तान मान खाली घालून विडा देत, कारण नाही दिला तर पुढच्या वर्षी खेळायला मिळणार नाही असं त्यांना बजावलेलं असे. रीत उलटी फिरली होती. आमच्याच गावच्या शाळेला दोन वर्षं लागोपाठ असं लुटलं. मग गावचे चार लोक माझ्याकडं आले, की माणिकराव, आता सोडा, मास्तरांना विडा द्या, पोरांना खरा पंच मिळू द्या. ते आलेले चौघं कोण होते? ढेकळं मारणारे. मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

आणि मग एका दुपारी दाजी एकटेच आमच्याकडं आले. ओसरीवर बसले. मग म्हणाले, त्या दिवसाचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि तुला एक सांगायचं आहे. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस इतकी वर्षं काय करत होता. मी म्हटलं, हे मला ओसरीवर नको, माळावर सांगा. सांगतो, म्हणाले. आणि पुढच्या सामन्यांना, दोन्ही संघ उभे असताना, सगळ्या गावासमोर ते रेघेवर जाऊन उभे राहिले.

“माणिकचा दम तुटला व्हता,” ते म्हणाले. “ते मी आजबी सांगतो. पर त्या दिशी बाकीच्या गड्यांच्या दमाला मी जेवढा कान लावला, त्याच्या दुप्पट ह्याच्या दमाला लावला. मेव्हणा हाय म्हणून लोक नावं ठेवतील, ह्या भ्यानं. दुसऱ्या कुणाचा दम तेवढाच तुटला असता तर मला कळला नसता. कानानं खोटं सांगितलं न्हाई, पर मी सारखा कान दिला न्हाई. पंच म्हणून मी चुकलो.”

मी कितीही चिडका असलो तरी एवढं सांगतो, की असा कबुलीजबाब मी कुठल्या पंचाकडून, कुठल्या अंमलदाराकडून, कुठल्या बापाकडूनही ऐकलेला नाही. कुणीतरी तबक माझ्यापुढं धरलं. त्यात एकच विडा होता. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. चूक म्हणाले होते, माळावर म्हणाले होते, सगळ्यांसमोर. मी विचारलं, मग निकाल बदलला का? दाजी म्हणाले, “निकाल बदलत न्हाई. दम तुटला व्हता.” मी तबक तसंच ठेवून घरी निघून आलो.

लोक म्हणाले, माणिक हट्टी आहे. हट्ट नव्हता तो. निकालाचं मी नुसतं निमित्त केलं. खरं कारण असं की मला तो विडा द्यायचाच नव्हता. इतकी वर्षं तो माझ्या हातात होता, औताशिवाय माझ्या हातात दुसरं होतं काय? तो देऊन टाकला असता तर मी कोण उरलो असतो... एक हरलेला कप्तान. माझा दम तुटला होता की नाही ते मला आजही माहीत नाही. चढाई करणाऱ्याला स्वतःचा दम ऐकू येत नाही, कानात नुसतं रक्त वाजत असतं. ज्याला ऐकू आला तो एकच माणूस होता.

पुढं राज्यात असे दिवस आले की माळावर चार माणसं जमली तरी शिपाई विचारायला यायचे. सामने बंद पडले. विडा द्यायला सामनाच राहिला नाही, अशी मी स्वतःची सोय करून घेतली. दाजी खंगत गेले. मरणाच्या महिनाभर आधी मी भेटायला गेलो तेव्हा ते बाजेवर पडून होते. ताप हटत नव्हता, आणि डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं. माझा आवाज ऐकून त्यांनी सवयीनं हात कानामागं धरला. सामने सुरू झाले का रे, विचारलं. मी ओरडून सांगितलं, नाही. अक्कानं जेवण झाल्यावर पानाचं तबक आणून माझ्यापुढं ठेवलं. दोन विडे होते. ठेवून ती बाहेर गेली, पण दाराच्या आडोशाला तिचे पाय मला दिसत होते. दाजी माझ्याकडं बघत होते. ओंजळ पुढं केली नाही, नुसते बघत होते. मी एक विडा उचलला आणि खाल्ला. दुसरा तसाच राहू दिला. ते पाय दारातून निघून गेले.

तर निरोप आला त्या दिवशी मी असा विडा खिशात घेऊन, दमणीला बैल जुंपून निर्ण्याला गेलो. आमच्याकडं मयताच्या मुखात विडा ठेवतात, आणि तो मान बायकोच्या भावाचा. वाटेत मला रडू आलं, आणि रडता रडता हायसंही वाटलं, की चला, शेवटी देणार तर आहे. लोक अंगणात उभे होते. मी वाकलो, फडकं सोडलं, विडा काढला. अक्कानं माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

“जितेपणी बारा वर्सं तोंड वाळवलास त्यांचं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “आता मढ्याला चारून सुटायलास व्हय? न्हाई. हे पंच हाईत. ह्यांना विडा हरलेला देतो. तू तर जिंकलास की रे.”

कुणी मध्ये पडलं नाही. दाजींच्या धाकट्या भावानं दुसरा विडा आणला आणि ठेवला. माझा विडा मी हातात धरून स्मशानापर्यंत गेलो आणि तसाच परत आणला. पानाच्या डब्यात तो अजून आहे, काळा पडून वाळलेला. बायकोनं दोनदा विचारलं, टाकू का. मी नको म्हटलं.

मागल्या आठवड्यात निर्ण्याला गेलो होतो. अक्कानं जेवायला वाढलं, आग्रह केला, तुपाची वाटी माझ्या पानात रिकामी केली. भाऊ म्हणून काही कमी केलं नाही. जेवणं झाल्यावर तेच पितळी तबक घेऊन ती आली. दाजींच्या भावाला विडा दिला, त्यांच्या चुलत्याला दिला, गड्यालासुद्धा दिला. माझ्यापाशी आली. थांबली. माझ्याकडं बघितलं, अगदी सावकाश... आणि तबक पुढं नेलं. पलीकडं बसलेल्या पाहुण्याला ती विचारत होती, चुना जास्त झाला न्हाई ना.